पैठणला आजोबांचं इंग्रजांच्या काळातलं, १०० वर्षांचं चौकाचं छोटं घर आहे, पाडून स्लॅब टाकू का दुरुस्त करू?

पाडू नका, पण काही ठरवायच्या आधी एकदा माळवदावर, म्हणजे वरच्या मातीच्या सपाट छतावर, चढून बघा. आणि तुम्ही लिहिलंय घर इंग्रजांच्या काळातलं, अहो आपल्याकडं मराठवाड्यात तेव्हा निजाम होता, पार सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्यामुळं जुने कागद उर्दूत निघाले तर दचकू नका, वाचणारा गाठा आणि सिटी सर्व्हेच्या पीआर कार्डावर, म्हणजे मालमत्ता पत्रकावर, कुणाकुणाची नावं लागलीत ते बघून घ्या. चुलत्यांच्या सह्या राहिल्या की झालं मग कल्याण.

आता खरा विषय छताचा. तुळया, त्यावर लाकडी सर, मग किलच्या म्हणजे लाकडाच्या पातळ चिपा, लिंबाचा पाला आणि वर पांढरी माती. आमच्याकडं मिरगाच्या आधी गळतं म्हणून वरून नवी माती टाकायचे, जुनी उतरवायचं कुणी नाव घेत नव्हतं, थरावर थर चढत जातो आणि वजन सगळं खालच्या लाकडावर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं, वर माती आणि बाजूला दगडमातीच्या जाड भिंती. पण तिथंच हेही दिसलं की जिथं खणाचे (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा) लाकडी खांब छत पेलत होते तिथं बऱ्याच जागी भिंती ढासळल्या तरी छत वर राहिलं. म्हणून तुमचं घर किती खणाचं आहे, खांब भिंतीत दडलेत का मोकळे आहेत, ते बघा. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचा, भसकन आत गेला तर वाळवीनं खाल्लाय, तो बदलावाच लागेल. वरची जादा माती उतरवायची, स्लॅब तर या भिंतींवर अजिबात टाकू नका.

मिस्त्री म्हणेल सिमेंटचा गिलावा मारू, एकदम चकाचक. नको. ओल आत कोंडते, वरचा गिलावा पापुद्रे धरतो आणि आतली माती भुसभुशीत होते, चुन्याचाच करा, महाग पडला तरी.

चौकावर पत्रा टाकायचा मोह होईल, लोकं सर्रास टाकतात. अशा घरांना गल्लीकडून खिडक्या जवळपास नसतातच, उजेड आणि वारा जो काय तो चौकातूनच, तो झाकला की मे महिन्यात आत नुसती भट्टी. त्यापेक्षा चौकातली मोरी बघा, ओसरीखालून बाहेर जाणारी. ती तुंबली की पाणी थेट खांबांच्या बुडाशी मुरतं. दोन बादल्या ओतून बघा गटारीत निघतंय का, नसेल निघत तर पहिला खर्च तिथं करा, मग रंगाबिंगाचं बघू.