आर-३२ पेटतो म्हणून रुग्णालयात चालत नाही का?

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न असा आहे: मिरजेत छोटं रुग्णालय बांधताय. आर्किटेक्ट म्हणतात, एसीतला आर-३२ गॅस पेट घेतो, नियमात बसत नाही, म्हणून सगळीकडे आर-४१०ए गॅसचा व्हीआरएफ, म्हणजे बाहेरच्या एकाच युनिटवर अनेक खोल्या थंड करणारी यंत्रणा, घाला.

आर-३२ च्या स्प्लिटवर सरसकट बंदी घालणारा नियम आपल्याकडे नाही. बाजारातले बहुतेक नवे स्प्लिट त्याच गॅसवर चालतात. युडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, वातानुकूलनासाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग ८ कडे पाठवते. ईसीबीसी ही ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मोठ्या जोडभाराच्या इमारतींसाठी आहे, पण तिचा भर वीज बचतीवर आहे. आर्किटेक्टांच्या मनात बहुधा अमेरिकेतली गोष्ट असावी. तिथे मंद पेटणारे, म्हणजे ए२एल वर्गातले गॅस वापरता यावेत म्हणून अनेक राज्यांना आधी इमारत संहिता बदलाव्या लागल्या.

खरा प्रश्न आहे एका सर्किटमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या युनिट-पाइपांत, किती किलो गॅस आहे आणि तो सगळा गळला तर कुठल्या खोलीत साठेल, हा. आंतरराष्ट्रीय प्रमाणकातल्या सूत्राने १०० चौरस फुटांच्या खोलीत, भिंतीवर उंच लावलेल्या युनिटला आर-३२ ची मर्यादा साधारण ३ किलो येते. दीड टनाच्या स्प्लिटमध्ये गॅस किलोच्या आसपासच असतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याच खोलीत पाव किलोपेक्षा कमीच चालतो, कारण तो सहज पेटतो.

आता तो ‘सुरक्षित’ आर-४१०ए बघा. पेटत नाही हे खरं, पण बंद खोलीत साठला तर प्राणवायू ढकलून देतो. अॅशरे या अमेरिकी अभियंता संस्थेच्या प्रमाणकात त्याची मर्यादा घनमीटरला सुमारे ०.४२ किलो आहे. रुग्णालयात ती निम्मी धरतात, कारण पेशंट उठून पळू शकत नाही. दहा बाय दहा, दहा फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर, म्हणजे ६ किलोच्या आत. अनेक खोल्यांच्या व्हीआरएफच्या एका सर्किटमध्ये १० किलोच्या पुढे गॅस सहज जातो. तुमच्या लहान डे-केअर खोलीत ही मर्यादा ओलांडली जाईल ती इथे, आणि हे गणित कोटेशनमध्ये कुणी मांडत नाही.

शिवाय कार्बन डायऑक्साइडला १ धरलं तर आर-४१०ए ची तापमानवाढ क्षमता २०८८, आर-३२ ची ६७५. किगाली या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतात अशा गॅसचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. आज बसवलेलं यंत्र त्या काळातही चालू असेल.

तासगाव-मिरज पट्ट्यातली बेदाण्याची शीतगृहं अमोनियावर चालतात. तो विषारी आहे, पण तापमानवाढीत शून्य, आणि वास आधीच सावध करतो. आर-३२ ला वास नाही, शिवाय हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. त्यामुळे भीती बाळगायची तर गळतीची आणि मेकॅनिकच्या हाताची बाळगा. व्हॅक्यूम पंप न लावता ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणारा असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम. लाइनमध्ये गॅस असताना सांधे जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही. सांधे शक्यतो खोलीबाहेर ठेवा.

ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) विषय वेगळा, तिथे ताजी हवा आणि अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टरवाला एएचयू, म्हणजे हवा हाताळणारं यंत्रच, लागतो. आउटडोअर युनिट गच्चीवर घ्या. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या युनिटांचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको.

म्हणून माझं मत: खोल्यांना आर-३२ चे स्वतंत्र स्प्लिट. व्हीआरएफच हवा असेल तर ठेकेदाराकडून प्रत्येक सर्किटचा गॅस, पाइपमधल्या भरतीसकट, किलोमध्ये लिहून घ्या. सगळ्यात लहान खोलीच्या मापांसह तो आकडा इथे टाका, गणित करून देतो.