तण मारायला त्याच्यावर रोग पाडणारी बुरशी शोधतोयस, तर आधी हे बघ
अशा बुरशीने कुंडीत तण मरतं, शेतात मरत नाही. खरी मेख तिथेच आहे. बुरशीचे बीजाणू रुजायला पानावर कित्येक तास सलग ओल लागते. मुरबाड-शहापुरात श्रावणात दमटपणा भरपूर, पण एक जोरदार सर सगळी फवारणी धुऊन नेते. म्हणून उघडीप बघून संध्याकाळी फवार, द्रावणात थोडं तेल घालून बघ. भात, नाचणी, वरीच्या रोपांवर चाचणी झाल्याशिवाय कुणाच्याही शेतात जाऊ नकोस. त्याचं वर्षाचं पीक असतं ते. सगळी तणं मारायचा हव्यासही नको. अमेरिकेत १९८२ साली नोंदलेलं 'कॉलेगो' हे बुरशीचं तणनाशक भात-सोयाबीनमधल्या एकाच तणासाठी होतं, आणि तेवढंही पुष्कळ असतं! रोगट पानं गोळा करताना कागदी पिशवी घे, प्लास्टिकमध्ये ती कुजतात.