रत्नांविषयी प्रश्नोत्तरे : टोपॅझचे रंग कुठून येतात?

प्रश्न : शब्दकोशात पुष्कराज म्हणजे टोपॅझ असे दिले आहे, पण माझ्या पुष्कराजाच्या प्रमाणपत्रावर 'पिवळा नीलम' लिहिले आहे. यातले खरे काय समजावे?

उत्तर : दोन्ही खरे आहे, घोळ शब्दाचा आहे. खनिजशास्त्राच्या मराठी लेखनात पुष्कराज म्हणजे टोपॅझ, तर जवाहिऱ्यांच्या बोलण्यात पुष्कराज म्हणजे बहुधा पिवळा नीलम, अर्थात कुरुविंद (कोरंडम) हे खनिज. टोपॅझ हे अ‍ॅल्युमिनियमचे सिलिकेट असून त्यात फ्लोरिन आणि हायड्रॉक्सिल असते; कुरुविंद हे नुसते अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. टोपॅझची कठिनता (मोह्झच्या १ ते १० च्या मापनावर) ८, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) ३.५ च्या आसपास आणि अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.६१ ते १.६४, पिवळ्या नीलमाचे हेच आकडे ९, ४ आणि १.७६ ते १.७७ असे आहेत, त्यामुळे प्रयोगशाळेत दोहोंची गल्लत होत नाही. आपल्याकडचा खडा टोपॅझ नाही. नावांचा हा गोंधळ जुना आहे. प्राचीन लेखकांनी 'टोपाझिओस' म्हणून वर्णिलेले, तांबड्या समुद्रातल्या झबरगद बेटावरचे हिरवट खडे आजच्या वर्गीकरणाप्रमाणे पेरिडॉट ठरतात.

प्रश्न : टोपॅझ पिवळाच असतो अशी माझी समजूत होती. पण निळे, गुलाबी, तपकिरी आणि पाण्यासारखे स्वच्छ खडेही याच नावाने पाहण्यात आले. हे सगळे एकच रत्न कसे?

उत्तर : शुद्ध टोपॅझला रंगच नसतो, आणि निसर्गात विपुल सापडतो तोही रंगहीनच. पोर्तुगालच्या राजघराण्याकडचा 'ब्रागांझा' नावाचा १,६८० कॅरटचा खडा हिरा म्हणून गाजला होता. तो बहुधा रंगहीन टोपॅझच असावा, असे आज मानले जाते. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२, म्हणजे जवळजवळ टोपॅझइतकेच; नुसता पाण्यात तोलून हा फरक कळणे अवघड.

रंगाची कारणे मात्र निरनिराळी आहेत, आणि माझ्या मते टोपॅझ पाहताना 'रंग कोणता' यापेक्षा 'रंग कशाने आला' हा प्रश्न आधी विचारावा. पहिले कारण क्रोमियम. स्फटिकात अ‍ॅल्युमिनियमच्या जागी अगदी थोडे क्रोमियम शिरले, की गुलाबी, लाल किंवा जांभळट छटा येते. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात ओरो प्रेतोच्या परिसरात सापडणारा नारिंगी ते गुलाबी 'इम्पीरियल' टोपॅझ यामुळेच नावाजला आहे. पाकिस्तानात मर्दानजवळच्या काटलांगचा गुलाबी टोपॅझही याच कुळातला. इम्पीरियलचा लांबट खडा चिमट्यात धरून सावकाश फिरवावा : मधला भाग पिवळसर नारिंगी दिसत असताना दोन्ही टोकांना गुलाबी लाली चमकून जाते, कारण या स्फटिकात वेगवेगळ्या दिशांनी जाणारा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषला जातो.

दुसरे कारण म्हणजे रंगकेंद्रे. येथे परक्या मूलद्रव्याचा संबंध असेलच असे नाही. आसपासच्या खडकांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाने स्फटिकाच्या रचनेत सूक्ष्म बिघाड होतो आणि त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग शोषतात. बहुतेक पिवळे, तपकिरी आणि फिके निळे टोपॅझ असे रंगलेले असतात. एकाच खड्यात दोन्ही कारणे नांदू शकतात : क्रोमियम असलेला नारिंगी खडा बेताने तापवला, की रंगकेंद्रांचा पिवळा नाहीसा होतो आणि क्रोमियमचा गुलाबी तेवढा उरतो. बाजारातला बराच गुलाबी टोपॅझ असा तापवून मिळवलेला असतो. अस्सल लाल मात्र फार दुर्मीळ.

प्रश्न : निळा टोपॅझ अणुभट्टीत तयार करतात असे वाचले. तो खोटा असतो का, आणि अंगावर घालणे धोक्याचे आहे का?

उत्तर : खडा खरा असतो, रंग तेवढा दिलेला असतो. निसर्गात निळा टोपॅझ मिळतो, पण तो बहुधा इतका फिका असतो की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय त्याचा निळेपणा जाणवत नाही. गडद निळे खडे जवळजवळ सगळेच रंगहीन टोपॅझवर किरणोत्सर्गाचा मारा करून मिळवतात. या माऱ्याने खडा आधी तपकिरी किंवा हिरवट होतो. मग तो तापवला की अस्थिर तपकिरी केंद्रे नष्ट होतात आणि टिकाऊ निळी केंद्रे शिल्लक राहतात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आकाशी 'स्काय ब्लू', अणुभट्टीतील न्यूट्रॉनांनी राखाडी झाक असलेला गडद 'लंडन ब्लू', आणि दोन्ही प्रक्रिया मिळून झळझळीत 'स्विस ब्लू' मिळतो. ही व्यापारी नावे छटांची आहेत, खाणींची नव्हेत.

धोक्याविषयी सांगायचे तर, न्यूट्रॉनांच्या माऱ्यात खड्यातील सूक्ष्म अशुद्धी काही काळ किरणोत्सर्गी बनतात, आणि म्हणून असे खडे ती पातळी ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, राखून ठेवावे लागतात. अमेरिकेत अशा खड्यांच्या प्रथम वितरणावर तेथील अणुनियामक आयोगाचे नियंत्रण असते. रीतसर मोजणी होऊन बाहेर पडलेला खडा निर्धास्तपणे वापरावा. फिका निळा रंग निसर्गाने दिला की माणसाने, हे मात्र नेहमीच्या रत्नपरीक्षेत ओळखता येत नाही. म्हणून 'नैसर्गिक निळा' म्हणून कोणी जादा दाम सांगितला, तर मी तरी तो देणार नाही.

प्रश्न : हौसेने घेतलेला तपकिरी टोपॅझचा स्फटिक वर्षभर खिडकीत ठेवला होता. आता तो जवळजवळ पांढरा पडला आहे. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. काही तपकिरी टोपॅझची रंगकेंद्रे इतकी नाजूक असतात की सूर्यप्रकाशाने ती मोडतात. अमेरिकेतील युटा राज्यात थॉमस पर्वतरांगेतल्या रायोलाइट खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे मदिरेच्या रंगाचे स्फटिक यासाठी प्रसिद्धच आहेत : खडक फोडून नुकताच काढलेला स्फटिक तपकिरी, आणि उन्हात उघडा पडलेला त्याचाच सोबती रंगहीन. मी एकदा असा एक स्फटिक निम्मा काळ्या कागदात गुंडाळून उन्हात ठेवला होता. काही दिवसांनी कागद सोडला, तेव्हा झाकलेला भाग चहाच्या रंगाचा होता आणि उघडा भाग पार फिकटला होता. आपल्या स्फटिकाचा गेलेला रंग उजेडापासून दूर ठेवून परत येणार नाही. क्रोमियमचा गुलाबी आणि प्रक्रियेने आलेला निळा, हे दोन्ही उन्हाला टिकतात.

प्रश्न : 'स्मोकी टोपॅझ' आणि 'मिस्टिक टोपॅझ' हे कोणते प्रकार?

उत्तर : पहिला टोपॅझच नव्हे, तो धुरकट क्वार्ट्झ असतो, कठिनता ७ आणि विशिष्ट गुरुत्व २.६५. दुसरा रंगहीन टोपॅझ असतो, पण त्याच्या खालच्या पैलूंवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि इंद्रधनुषी रंग त्या थराचे असतात. थर खरवडला, की रंगही जातो.

प्रश्न : टोपॅझ इतका कठीण, तरी माझ्या अंगठीतला खडा फरशीवर पडून सरळ रेषेत दुभंगला. असे कसे?

उत्तर : कठिनता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, आघात सोसण्याची ताकद ही वेगळी गोष्ट. टोपॅझमध्ये एका दिशेने पूर्ण पाटन असते, म्हणजे स्फटिकाच्या लांबीला काटकोनात असलेल्या प्रतलांवर अणूंचे बंध कमकुवत असतात आणि नेमका त्या दिशेने धक्का बसला की खडा आरशासारख्या सपाट पृष्ठावर चिरतो. पैलू पाडणारे कारागीर या प्रतलाला समांतर पैलू येऊ देत नाहीत, खडा काही अंश तिरका धरतात. नाहीतर त्या पैलूला धड झिलईच चढत नाही. टोपॅझ श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांच्या यंत्रात किंवा वाफेने साफ करू नये, आणि अंगठीला डाग द्यायचा, म्हणजे तापवून सांधा जोडायचा झाल्यास खडा आधी काढून घ्यायला सांगावे, कारण एकाएकी बसलेल्या उष्णतेनेही तो याच प्रतलावर तडकतो. एरवी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे त्याला पुरते.