आधी मागच्या बाकावर बस

अनेक आशीर्वाद.

विशेष शिक्षिका म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात सहा नावांची यादी हातात पडली, त्यातली पाच ‘त्रास देणाऱ्या’ मुलांची. यांना रोज किती वेळ आपल्या खोलीत घेऊन बसू, असं विचारलंयस. सध्या कुणालाच घेऊ नकोस. त्यांच्या वर्गात जा आणि मागच्या बाकावर बस.

मूल तुझ्याकडे आठवड्यातून तास-दोन तास असतं, बाकी सगळा वेळ वर्गात. तुझ्या खोलीत ते शहाण्यासारखं वागलं म्हणून वर्गातलं काही बदलत नाही. उलट वर्गशिक्षकांना वाटतं, ‘हिच्यापुढे बरा वागतो, म्हणजे इथे मुद्दामच करतो.’ तुझं काम तुझ्या खोलीत पुरं होत नाही, त्यांच्या वर्गात होतं. एवढं एक पटलं तर बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

लहान गट नकोच, असं नाही. लंडनमध्ये १९७० च्या आसपास मार्जोरी बॉक्सॉल या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी नर्चर ग्रुप सुरू केले. थोडी मुलं, दोन मोठी माणसं, ठरलेला दिनक्रम, एकत्र बसून खाणं. पण मूल आपल्या मूळ वर्गाचंच राहायचं, आणि काही शालेय सत्रांनी तिथे पूर्णवेळ परतायचं हे गृहीत असायचं. परतीची वाट न आखलेला गट म्हणजे सभ्य भाषेतली हकालपट्टी. तशा खोल्या पुष्कळ आहेत.

तर मागच्या बाकावर बसून काय लिहायचं? मुलाने काय केलं हे सगळेच सांगतात. तू लिही की किती वाजले होते, त्याच्या मिनिटभर आधी काय चाललं होतं, आणि केल्यावर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. ‘उद्धट’, ‘हट्टी’ असली विशेषणं वहीत नकोत. ‘वही खाली टाकली, दाराकडे गेला’ एवढंच. समज, एक मुलगा रोज भाषेच्या तासाला दंगा करतो आणि रोज वर्गाबाहेर काढला जातो. मोठ्यांच्या लेखी ही शिक्षा. त्याच्या लेखी सगळ्यांसमोर वाचण्यातून सुटका. मग शिक्षेने दंगा वाढणारच. इथे त्याच्या रागाला हात घालण्याआधी त्याचं वाचन तपास. ऐकलेलं कितपत कळतं, तेही बघ. वागणुकीच्या यादीत नाव असलेल्या कितीतरी मुलांची भाषेची अडचण कुणी पाहिलेलीच नसते.

अशा मुलासाठी उतारा आदल्या दिवशी द्यायला सांग आणि थांबायचं असेल तर दाखवायला एक कार्ड दे. कार्ड दाखवलं की दोन मिनिटं खरोखर मिळायला हवीत, कुरकुर न करता. दंग्याने जे मिळत होतं ते मागून मिळतं आणि लवकर मिळतं, हे त्याला अनुभवाने कळू दे.

आणि वर्गशिक्षकांना हे आधीच सांग: दंग्याने सुटका मिळेनाशी झाली की सुरुवातीला दंगा वाढू शकतो. कालपर्यंत चालणारी युक्ती मूल जास्त जोर लावून करून पाहतं. बऱ्याच चांगल्या योजना याच दिवसांत गुंडाळल्या जातात, ‘तुमचं केलं करून, आणखी बिघडला’ असं म्हणत. त्या दिवसांत शिक्षकांना दहा पानी अहवाल पाठवू नकोस. वर्गात जाऊन उभी राहा, बाकीच्या मुलांचा तास घे, त्यांना या एका मुलाकडे वळायला मोकळीक दे. तुझा शब्द त्यांनी ऐकावा असं वाटत असेल तर आधी त्यांचं थोडं ओझं उचल.

भडका उडालेला असताना समजावू नकोस. कमी शब्द, खालचा आवाज, थोडं अंतर, दाराची वाट मोकळी. ‘असं का केलंस?’ याचं उत्तर त्या वेळी त्याच्यापाशी नसतं. शांत दिसल्यावरही थोडा वेळ जाऊ दे. चेहरा आधी निवळतो, अंग नंतर.

यादीतलं सहावं नाव तू एका ओळीत उरकलंस: ‘घरी बोलते, शाळेत बोलत नाही, त्रास नाही.’ मला सगळ्यात काळजी तिचीच वाटली. महिनोन्‌महिने असं असेल तर हा निवडक मुकेपणा असू शकतो, आणि तो हट्ट नव्हे, भीती आहे. तिला बोल म्हणू नकोस, बोलली तर टाळ्याही नकोत. प्रश्न कमी कर, शेजारी बसून जे चाललंय त्यावर आपलं आपण बोल, आणि विचारलंसच तर पाच सेकंद गप्प राहून वाट बघ. वाचा-भाषा तज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडेही पाठव.

रॉबर्ट गुडमन यांची १९९७ सालची ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ ही मुलाच्या भावना आणि वागणुकीबद्दलची प्रश्नावली तुला भरायला देतील. २५ विधानं आहेत. चाळणी म्हणून उपयोगी, निदान म्हणून नव्हे. पालकांचे आणि शिक्षकांचे आकडे जुळले नाहीत तर कोण खोटं बोलतंय हे शोधत बसू नकोस. मूल दोन ठिकाणी वेगळं असतं, ही तफावतच तुला हवी असते.

एक गोष्ट मात्र घासाघीस न करता पाळ. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नकोस. कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा घरच्या मारहाणीबद्दल बोललं, तर त्याचेच शब्द लिहून काढ आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी सांग. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला भिऊ नकोस. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. पुढचे उपचार मात्र तुझं काम नाही. तू शिक्षिका आहेस, आणि ते पुरेसं अवघड आहे.

दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की मुलांची नावं खोडून मला पाठव. भाषेच्या तासाच्या नोंदी आधी.