खाटेशेजारी ट्रोपोनिन तपासायला रक्त कोणत्या बल्बमध्ये घ्यावं?

छातीत दुखणारा पेशंट आला की ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) अख्खं रक्त वापरावं, प्लाझ्मा (न गोठवता पेशी वेगळ्या करून उरलेला द्रव), सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) की बोटाला टोचून काढलेला थेंब, असं तुम्ही विचारलं आहे. छोट्या रुग्णालयासाठी माझं उत्तर: शिरेतून घेतलेलं, लिथियम हेपारिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) हिरव्या झाकणाच्या बल्बमधलं अख्खं रक्त. पण किटच्या माहितीपत्रकात ते मान्य असेल तरच.

ही अट खरोखर पाळायची आहे. रॉशच्या कोबास एच 232 यंत्राची ट्रॉप टी (ट्रोपोनिनचा एक प्रकार) पट्टी 150 मायक्रोलिटर हेपारिनचंच रक्त घेते, इडीटीएचं (रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन) चालत नाही. ट्रायाज यंत्राच्या कार्डियाक पट्टीला मात्र इडीटीएचंच रक्त लागतं. त्यामुळे सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) भरलेल्या इडीटीएच्या जांभळ्या बल्बमधले चार थेंब मिळेल त्या पट्टीवर टाकणं धोक्याचं आहे. इडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. रक्तातला ट्रोपोनिन आय हा प्रकार बहुतेक वेळा ट्रोपोनिन सी या दुसऱ्या प्रकाराला जोडलेला असतो आणि ती जोडी कॅल्शियमच्या आधाराने टिकते. कॅल्शियम गेलं की ती सुटते, ट्रोपोनिन पकडणाऱ्या किटमधल्या अँटिबॉडीला प्रथिनाचा वेगळाच भाग सापडतो आणि आकडा बदलतो. हेपारिनही अगदी निर्दोष नाही. ते स्वतः ट्रोपोनिनला चिकटतं, म्हणून काही किटवर सीरमपेक्षा आकडा कमी येतो. बल्ब अर्धाच भरला तर दर मिलिलिटरमागे हेपारिन दुप्पट होतं. खुणेपर्यंत भरा आणि लगेच 8 ते 10 वेळा हळूच उलटासुलटा करा. जोरात हलवू नका.

सीरमची अडचण वेळेची आहे. रक्त गोठायला साधारण 30 मिनिटं, सेंट्रिफ्यूजला (रक्त गरगरा फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) 10, म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच 40 मिनिटं गेली. रिपोर्ट तासाभरात हातात हवा असताना हे परवडत नाही. पेशंटला आधीच हेपारिनचं इंजेक्शन दिलं असेल तर रक्त नीट गोठत नाही, सीरममध्ये फायब्रिनचे (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात आणि त्यांनी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. प्लाझ्माला गोठण्याची वाट पाहावी लागत नाही, पण सेंट्रिफ्यूज आणि रात्री ते चालवणारा माणूस हवाच.

अख्ख्या रक्ताची जी खोट सर्वात कमी बोलली जाते ती अशी: तांबड्या पेशी फुटल्या आहेत हे दिसतच नाही. प्लाझ्मा गुलाबी दिसला की तंत्रज्ञ सावध होतो. अख्खं रक्त मुळातच लाल. पेशी फुटल्यामुळे काही किटवर आकडा खाली जातो, काहींवर वर. म्हणून बारीक सुईतून जोर लावून ओढू नका आणि सिरिंजचं रक्त सुईतूनच बल्बमध्ये दाबून सोडू नका.

दुसरी बाब हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के त्याची. 150 मायक्रोलिटर रक्तात हिमॅटोक्रिट 45 टक्के असेल तर प्लाझ्मा सुमारे 82 मायक्रोलिटर, 25 टक्के असेल तर 112. ट्रोपोनिन प्लाझ्मात असतो. यंत्र हा फरक जुळवून घेत नसेल तर रक्त कमी असलेल्या पेशंटचा आकडा फुगतो. माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची मर्यादा दिलेली असते, ती भिंतीवर लिहून ठेवा.

बोटाचा थेंब फक्त त्यासाठी मान्यता असलेल्या किटवरच. सीमेन्सचं अ‍ॅटेलिका व्हीटीएलआय तो घेतं आणि 8 मिनिटांत आकडा देतं. पहिला थेंब पुसायचा, बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींच्या भोवतालचं पाणी रक्तात मिसळतं. आणि ज्याचा रक्तदाब पडला आहे, बोटं गार पडली आहेत, त्याच्या बोटातून पुरेसं रक्त येतच नाही. नेमक्या सर्वात आजारी माणसात ही पद्धत दगा देते, म्हणून मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका. इसीजी मात्र पहिल्या 10 मिनिटांत काढा. त्यात एसटी (आलेखाचा एक भाग) वर गेलेला, म्हणजे मोठ्या हार्ट अटॅकची खूण, दिसला तर ट्रोपोनिनसाठी थांबायचंच नाही. दुखायला लागून तीन तासही झाले नसतील तर निगेटिव्ह पट्टीवर पेशंटला घरी सोडू नका, चाचणी पुन्हा करा. दुसरा नमुना त्याच प्रकारच्या बल्बमध्ये, त्याच यंत्रावर तपासा, नाहीतर वाढ पेशंटची की बल्बची हे कळणार नाही. केसपेपरवर आकड्याशेजारी बल्बचा प्रकार, यंत्राचं नाव आणि रक्त घेतल्याची वेळ लिहा. पेशंट मोठ्या रुग्णालयात गेला तर तिथल्या डॉक्टरांना ही माहिती लागेल.