पोस्टरचं नंतर बघू, आधी ते पाकीट उघडा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३९, आयटीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ३५ हजार. गृहकर्ज ५८ लाख, हप्ता ५० हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी पहिलीत. छंद जुन्या सिनेमांची पोस्टर जमवण्याचा, त्यातही सेन्सॉरने अडवलेल्या किंवा इंग्रजांनी बंदी घातलेल्या सिनेमांची. एका विक्रेत्याने त्यांना ‘भक्त विदुर’ (१९२१) आणि ‘उदयकाल’ (१९३०) यांची ‘ओरिजिनल’ पोस्टर साडेचार लाखांत देऊ केली आहेत. पाच वर्षांत दुप्पट होतील, परदेशात गिऱ्हाईक तयार आहे, असं तो म्हणतो. टॉप-अप लोन, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज, काढून ती घ्यावीत का, एवढाच प्रश्न.

नाही. पण खरा घोळ पत्राच्या शेवटी आहे: “बाकी गुंतवणुकीची काळजी नाही. गेल्या महिन्यात बँकेच्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) ३ लाखांची गॅरंटीड एफडी करून दिली. दहा वर्षं भरायची, पंधराव्या वर्षी ४५ लाख. विमाही त्यातच आहे. पाकीट येऊन तीन आठवडे झाले, अजून उघडलेलं नाही.”

अहो, एफडी दरवर्षी भरायची नसते आणि तिच्यासोबत असा विमाही सहसा येत नाही. तुमच्या गळ्यात एन्डोमेंट पॉलिसी, म्हणजे बचत आणि आयुर्विमा एकत्र बांधलेली पॉलिसी, मारली आहे. आयुर्विमा पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन किंवा न देता परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरला होता, म्हणून तुम्हाला लगेच ईमेल केला. इथे लिहितोय ते अशीच पाकिटं कपाटात ठेवलेल्या बाकीच्यांसाठी.

आधी हिशोब. दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं, म्हणजे ३० लाख. त्याचे पंधराव्या वर्षी ४५. ‘दीडपट’ ऐकायला छान वाटतं, पण परतावा वर्षाला ४ टक्क्यांपेक्षाही थोडा कमीच पडतो. हेच ३ लाख तुमच्या आणि पत्नीच्या पीपीएफमध्ये दीड-दीड लाख करून दहा वर्षं टाकले, पुढे खातं चालू राहण्यापुरते पाचशे रुपये भरले, तर ७.१ टक्क्यांनी पंधराव्या वर्षी ६२ लाखांच्या वर जातात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, पण १७ लाखांची तफावत भरून निघेल इतका तो घसरणार नाही. तीही पोस्टाच्या खिडकीवर, कुणाच्या टार्गेटशिवाय.

आणि विमा? हप्त्याच्या दहापट, म्हणजे ३० लाख. कर्ज ५८ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या डोक्यावर २८ लाखांचं कर्ज आणि पदरात पहिलीतली मुलगी. कंपनीचा ग्रुप विमा धरू नका, तो नोकरीबरोबर जातो. दीड कोटींची टर्म पॉलिसी (निव्वळ विमा, बचत नाही) तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला २५-३० हजारांच्या घरात मिळेल. तीन लाख भरून ३० लाखांचं आणि तीस हजार भरून दीड कोटींचं संरक्षण! आरएमला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

परत करताना अर्ज बँकेत देऊ नका. तिथे चहा पाजतील आणि दुसरी पॉलिसी दाखवतील. थेट विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, पोच घ्या, त्याच दिवशी ईमेलही पाठवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा आकार कापून बाकी पैसे परत मिळतात. पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हटलं असेल, आरएम शेजारी बसून तसंच सांगतात. त्याने हा हक्क जात नाही. टाळाटाळ झाली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, मग विमा लोकपाल. मुदत उलटून गेलेल्यांनी पॉलिसीतला सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे मध्येच बंद केली तर किती परत मिळतील त्याचा, तक्ता काढून बघावा, आणि बघताना शक्यतो बसून घ्यावं.

आता पोस्टर. दुप्पट करून देणाऱ्यांवर तुमचा विश्वास फार लवकर बसतो, हे दोन्ही प्रकरणांत दिसतं. साडेचार लाखांचं टॉप-अप साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडताना हप्ता साडेनऊ हजार, एकूण भरणा पावणेसहा लाख. विकताना लिलाववाला १५-२० टक्के कापेल असं धरा. हातात नऊ लाख यायचे तर बोली अकराच्या आसपास जायला हवी. देणार कोण? सोनं विकायला जांभळी नाक्यावर सराफांची रांग आहे, पोस्टरचा आजचा भाव सांगणारं कुणी नाही.

तेही खरं असेल तर. ‘भक्त विदुर’ची कथा खरी आहे: कोहिनूर कंपनीचा चित्रपट, विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि सिंधमध्ये बंदी. पण आजवर टिकलेलं सगळ्यात जुनं सचित्र भारतीय पोस्टर म्हणून बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं, १९२४ सालचं, नाव घेतलं जातं. तुमच्या विक्रेत्याकडे त्याच्याही तीन वर्षं आधीचं, चार रंगांत, आणि लॅमिनेट केलेलं! ‘उदयकाल’चं मूळ नाव ‘स्वराज्य तोरण’, सेन्सॉरमुळे बदललेलं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. मात्र तुम्ही पाठवलेल्या फोटोत तळाला ‘प्रभात फिल्म कंपनी, पुणे’ असं छापलंय. प्रभात १९३० साली कोल्हापुरात होती, पुण्याला आली १९३३ मध्ये. सराफाकडचं दहापट भिंग मागून घ्या आणि कागदावर धरा. चार रंगांच्या ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते ऑफसेटवरचं अलीकडचं काम. जुन्या दगडी छपाईत (लिथोग्राफीत) तसे आखीव ठिपके नसतात, खडबडीत दाणा दिसतो.

परदेशी गिऱ्हाइकाचंही तसंच. ‘विदुर’ खरंच शंभर वर्षांचं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते तुम्हाला देशाबाहेर विकता येणार नाही. नसेल तर परदेशातला माणूस ते घेईल कशाला?

छंद सोडा असं मी म्हणणार नाही. वर्षाला २५-३० हजार बाजूला काढा, पन्नास-साठच्या दशकातली पोस्टर घ्या, भिंतीसाठी घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत कसर आणि बुरशी लागते, तेव्हा फ्रेमचा खर्च त्यातच धरा. परत आलेल्या ३ लाखांतून आधी टर्म पॉलिसी, उरलेले वेगळ्या खात्यात अडीअडचणीसाठी.

पोस्टरवाल्याला विसार दिलाय का, ते पत्रात नाही. दिला असेल तर ‘पुणे’ दाखवून तो परत मागा.