ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसात मूल जोडताना

पहिल्या लग्नाचं मूल असेल तर ३०९/१०० (ऑस्ट्रेलियाबाहेरून करायचा पार्टनर व्हिसा: ३०९ तात्पुरता, १०० कायमचा) च्या अर्जात त्याचं नाव सुरुवातीलाच घाला. राहून गेलं तर ३०९ मंजूर होण्याआधी फॉर्म १४३६ भरून जोडता येतं. मंजुरीनंतर मात्र वेगळा ४४५ (अवलंबून मुलाचा) व्हिसा, वेगळी फी.

खरी अडचण संमतीची. मूल अठराच्या आतलं असेल तर दुसऱ्या पालकाची फॉर्म १२२९ वर सही हवी, सोबत फोटो व सही असलेल्या ओळखपत्राची प्रत. संमती मिळणारच नसेल तर मुलाला परदेशी नेण्याची परवानगी देणारा कोर्टाचा आदेश लागतो. नुसता 'ताबा आईकडे' हा उल्लेख अपुरा पडू शकतो. आणि जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी नाही ना, आजच बघा. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही जोडा.

अर्जदाराच्या आईवडिलांना या अर्जात घेता येत नाही.